न्हावा-शेवा: गोंदियाच्या गिरणीपासून धक्क्यापर्यंत

न्हावा-शेवा हे महाराष्ट्रातले सर्वांत मोठे कंटेनर बंदर. मुंबई बंदरावरचा भार हलका करण्यासाठी ते उरण तालुक्यात बांधले आणि २६ मे १९८९ रोजी सुरू झाले. अधिकृत नाव जवाहरलाल नेहरू बंदर, पण धंद्यातले लोक आजही न्हावा-शेवाच म्हणतात.

कंटेनर बंदराचे निम्मे काम समुद्रापासून दूर होते. गोंदियाच्या राईस मिलमधला तांदूळ न्हावा-शेव्याच्या वाटेने निघाला, तर कस्टमची तपासणी नागपूरच्या कंटेनर डेपोतच उरकते. कंटेनरच्या दाराला सील लागते आणि हा डबा मालगाडीवर चढतो. सीलचा क्रमांक कागदाशी जुळला, की बंदरात दार उघडण्याची सहसा गरज पडत नाही. नागपूर ते मुंबई रेल्वेने आठशेहून अधिक किलोमीटर. गोंदिया त्याच्याही पूर्वेला सव्वाशेवर. एवढ्या लांबून येणाऱ्या मालाला या सीलचाच आधार.

धक्क्यावर क्रेनचा स्प्रेडर डब्यावर उतरतो. चार कोपऱ्यांच्या छिद्रांत चार खटके शिरतात, नव्वद अंशांत वळून घट्ट बसतात आणि वीस-पंचवीस टन माल अलगद वर जातो. मात्र क्रेनपेक्षा अवघड काम यार्डातले. जड डबे खाली, आधी लागणारे वर, अशी थप्पी लावावी लागते. एक डबा चुकीच्या जागी पडला, तर तो काढायला वरचे सगळे हलवावे लागतात.

सुरुवातीला बंदराचे प्रशासन मालही स्वतःच हाताळत असे. १९९९ मध्ये इथे देशातले पहिले खासगी कंटेनर टर्मिनल सुरू झाले. २०२२ पर्यंत सर्व टर्मिनले खासगी चालकांकडे गेली. आता बंदर प्राधिकरण जागामालक: जमीन, जलमार्ग आणि गाळ उपसणे त्याच्याकडे, क्रेन खासगी चालकांच्या.

ही जमीन सहज मिळालेली नाही. जानेवारी १९८४ मध्ये दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली उरण परिसरातले शेतकरी मोबदल्यासाठी उभे राहिले आणि गोळीबारात पाच जण मृत्युमुखी पडले. संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंडाचा हक्क त्या लढ्यातून आला. बंदराच्या इतिहासात हे पान पहिल्या जहाजाच्या आधी यायला हवे.

२०२४-२५ मध्ये न्हावा-शेव्याने सुमारे ७३ लाख टीईयू, म्हणजे वीस फुटी डब्यांच्या हिशेबाने, माल हाताळला. तुलनेत शांघाय बंदराने २०२४ मध्ये पाच कोटींचा टप्पा ओलांडला. शांघायने खोल पाण्यासाठी यांगशान बेटांपर्यंत ३२ किलोमीटरचा पूल बांधून २००५ मध्ये तिथे बंदर सुरू केले. न्हावा-शेव्याला मात्र गाळ उपसूनच खोली राखावी लागते. म्हणून पालघर जिल्ह्यात, सुमारे २० मीटर नैसर्गिक खोली असलेल्या वाढवणला नवे बंदर ठरले. त्यात प्राधिकरणाचा वाटा ७४ टक्के, महाराष्ट्र सागरी मंडळाचा २६. पायाभरणी ३० ऑगस्ट २०२४ रोजी झाली. तिथल्या मच्छीमारांचा विरोध त्याच्या कितीतरी आधीपासूनचा आहे.