वकील करायला पैसे नाहीत? मग कोर्ट वकील देतं, ते कसं?

समजा, बीड जिल्ह्यातल्या शिरूर कासार तालुक्यातला एक ऊसतोड कामगार आहे. उचल फिटली नाही म्हणून मुकादमाशी वाद झाला, प्रकरण पोलिसांत गेलं आणि त्याला अटक झाली. घरच्यांना पहिला प्रश्न पडतो, वकिलाची फी कुठून आणायची? अनेक जण इथेच व्याजानं पैसे काढतात. पण कायद्यानं त्याला मोफत वकील मिळतो.

हा हक्क आला कुठून?

1976 च्या 42 व्या घटनादुरुस्तीनं राज्यघटनेत कलम 39-अ आलं. पैशाअभावी कुणी न्यायापासून वंचित राहू नये, असं ते सांगतं. 1978 मध्ये होस्कोट विरुद्ध महाराष्ट्र राज्य या खटल्यात सुप्रीम कोर्टानं स्पष्ट केलं की, गरीब कैद्याला अपिलासाठी वकील मिळणं ही मेहरबानी नाही, ती सरकारची जबाबदारी आहे. पुढे 1987 चा विधी सेवा प्राधिकरण कायदा झाला आणि 9 नोव्हेंबर 1995 पासून तो लागू झाला.

कुणाला मिळतो?

महिला, मुलं, अनुसूचित जाती-जमातीच्या व्यक्ती, दिव्यांग, आपत्तिग्रस्त आणि पोलीस कोठडीत किंवा तुरुंगात असलेली कुणीही व्यक्ती. यांना उत्पन्नाची अट नाही. बाकीच्यांसाठी महाराष्ट्रात वार्षिक उत्पन्नाची मर्यादा 3 लाख रुपये आहे.

म्हणजे वरच्या उदाहरणातला कामगार कोठडीत असेपर्यंत उत्पन्नाचा प्रश्नच येत नाही. त्याच्या बायकोला पोटगीचा किंवा कौटुंबिक हिंसाचाराचा दावा करायचा असेल, तर तिलाही वकील मिळतो. ही मदत फक्त फौजदारी खटल्यांपुरती नाही.

वकील केव्हा मिळायला हवा?

अटकेनंतर 24 तासांत (प्रवासाचा वेळ सोडून) आरोपीला मॅजिस्ट्रेटसमोर उभं करावं लागतं. मोफत वकिलाचा हक्क तिथूनच सुरू होतो आणि तो आरोपीला समजावून सांगणं हे मॅजिस्ट्रेटचं कर्तव्य आहे. सुप्रीम कोर्टानं हे 2012 मध्ये अजमल कसाबच्या निकालात बजावलं. म्हणजे गुन्हा कितीही गंभीर असो, हक्क तोच.

आधी फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम 304 मध्ये सरकारी खर्चानं वकील देण्याचं बंधन मुख्यतः सत्र न्यायालयातल्या खटल्यांपुरतं होतं. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 341 नुसार ते कोणत्याही कोर्टातल्या खटल्याला आणि अपिलालाही लागू आहे.

अर्ज कुठे करायचा?

बीडला जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे. तुरुंगातूनही अर्ज करता येतो. लिहिता येत नसेल तर तोंडी सांगितलं तरी चालतं, ते तिथे लिहून घेतात. 15100 ही देशभराची हेल्पलाइन आहे.

एक गोष्ट लक्षात ठेवा

या वकिलाची फी प्राधिकरण देतं. त्यानं पक्षकाराकडून पैसे मागणं नियमाविरुद्ध आहे. मागितले, किंवा तो तारखेला येतच नसेल, तर प्राधिकरणाकडे तक्रार करून वकील बदलून मागता येतो.

आणि कोर्टात उभं असताना कुणी विचारलं नाही, तरी एवढं एक वाक्य पुरे: "साहेब, मला वकील परवडत नाही, सरकारी खर्चानं वकील द्या."