शस्त्रक्रिया आणि शिधा

भोपाळच्या बिट्टन मार्केटच्या हाटात हिरव्या भाज्यांचे ढीग ओलांडून जो गृहस्थ मोसंब्यांची पिशवी, दोन शहाळी, साबुदाण्याची पुडी आणि बिस्किटांचा पुडा एवढ्याच जिनसा घेऊन घाईघाईने अरेरा कॉलनीतील घराकडे परततो, त्याच्या घरी कोणाची तरी शस्त्रक्रिया नुकतीच झाली आहे, किंवा लवकरच व्हायची आहे, असे खुशाल समजावे. १ नोव्हेंबर १९५६ रोजी नव्या मध्य प्रदेशाची राजधानी भोपाळ ठरली आणि नागपुरातील सरकारी दफ्तरांबरोबर कारकून, हिशेबनीस, अंमलदार अशी कितीतरी मराठी माणसे बिऱ्हाडबाजले घेऊन इकडे आली. त्यांच्या नातवंडांची बोली आता निम्मी हिंदी झाली आहे आणि पोह्यांच्या बशीत जिलबीने कायमचे ठाण मांडले आहे. परंतु आजाऱ्याच्या पथ्याच्या बाबतीत माजघराचा जुना अंमल अद्याप बिनतक्रार चालू आहे. जे जे भरीव, चविष्ट आणि ताकदीचे, ते ते आधी बंद करावे, एवढेच त्या अंमलाचे मुख्य कलम.

ज्वरात किंवा अजीर्णात हे कलम काही काळ चालून जाते. शस्त्रक्रियेच्या रोग्याला मात्र ते महागात पडते. साठ किलो वजनाच्या निरोगी माणसाला दिवसाकाठी सुमारे पन्नास ग्रॅम प्रथिने पुरतात. तोच माणूस मोठी शस्त्रक्रिया करून घेऊन खाटेवर पडला की त्याची गरज सत्तर ते नव्वद ग्रॅमपर्यंत जाते, आणि किलोमागे पंचवीस ते तीस उष्मांकांप्रमाणे पंधराशे ते अठराशे उष्मांकही लागतातच. आता वरच्या पिशवीचा हिशेब मांडून पाहावा. साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ पिष्ट. त्याच्या खिरीत जी प्रथिने असतात ती बिचाऱ्या दुधाची. मोसंबीच्या रसात आणि शहाळ्याच्या पाण्यात ती नावापुरतीच, आणि डाळ खाली ठेवून वरवरचे पाणी तेवढे रोग्याला पाजण्याची जी पद्धत आहे तिच्यात डाळीचे सत्त्व बहुधा घरातील धडधाकट मंडळींच्या वाट्याला जाते. रोग्याचे पोट भरल्यासारखे होते; शरीराच्या खात्यावर मात्र जमा काहीच पडत नाही.

आणि खर्च तर याच दिवसांत सर्वांत मोठा असतो. ग्लासगोचे डेव्हिड कथबर्टसन यांनी १९३० च्या सुमारास अस्थिभंगाच्या रोग्यांच्या मूत्राची तपासणी केली, तेव्हा त्यातून नायट्रोजन इतक्या प्रमाणात वाहून जात असल्याचे दिसले की ती झीज केवळ मोडलेल्या हाडाच्या आसपासची मानता येईना. सगळ्या अंगाचे स्नायूच वितळत होते. साध्या उपवासात शरीर काटकसरीने वागते, चरबी जाळते आणि स्नायू राखून ठेवते. परंतु शस्त्राचा आघात झाला की कॉर्टिसॉल, ॲड्रिनलिन आदी संप्रेरकांचा जोर वाढतो आणि जखम भरून काढण्यासाठी, जंतूंशी झगडणाऱ्या पेशी घडवण्यासाठी, स्नायूंतील प्रथिने मोडून वापरली जातात. एकादशी करणारा माणूस आणि आतड्याचा तुकडा काढलेला माणूस हे दोघेही उपाशी असले, तरी दोघांच्या उपवासाची किंमत एक नव्हे.

ही किंमत कधीकधी प्राणांनी मोजावी लागते, याचा दाखला अमेरिकेतील क्लीव्हलंडचे शल्यविशारद हायरम स्टडली यांनी १९३६ साली दिला. जठरव्रणाच्या शस्त्रक्रिया झालेल्या आपल्या रोग्यांची त्यांनी छाननी केली. ज्यांचे वजन शस्त्रक्रियेपूर्वी एकपंचमांशाहून अधिक उतरले होते त्यांच्यापैकी दर तिघांत एक दगावला होता. ज्यांचे तितके उतरले नव्हते त्यांच्यात हेच प्रमाण शेकडा साडेतीन होते. रोग तोच, शस्त्रक्रियाही त्याच जातीची; परंतु रोग्याच्या अंगावर मांस किती उरले होते, या एका गोष्टीने निकाल फिरला.

म्हणून आज विचारी शल्यचिकित्सक शस्त्रक्रियेची तारीख ठरवण्याआधी वजन विचारतात. सहा महिन्यांत दशांशाहून अधिक वजन गेलेले असेल आणि शस्त्रक्रिया तातडीची नसेल, तर सात ते चौदा दिवस रोग्याला नीट खाऊपिऊ घालून मग ती करावी, असा युरोपातील पोषणतज्ज्ञांचा अभिप्राय आहे. स्थूल माणसाच्या घरच्यांनी या बाबतीत निर्धास्त राहू नये. अंगावर चरबी भरपूर आणि स्नायू क्षीण, अशी माणसे आपल्याकडे पुष्कळ. रक्तक्षयाचे तर विचारूच नका. २०१९ ते २०२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत पंधरा ते एकोणपन्नास वयाच्या स्त्रियांपैकी शेकडा सत्तावन्न स्त्रिया रक्तक्षयी आढळल्या. म्हणजे गर्भाशयाच्या किंवा पित्ताशयाच्या शस्त्रक्रियेला निघालेली गृहिणी पुष्कळदा आधीच तुटीत असते. तिच्या तुटीची भरती लोहाच्या औषधाने वैद्यानेच करावी. पण जेवणाबरोबरचा चहा बंद करून ताटात लिंबाची फोड ठेवणे हे काम घरच्यांचे आहे, कारण चहाने लोहाचे शोषण अडते आणि लिंबाने ते वाढते.

लिंबाचे नाव काढताच एखादी वडीलधारी आत्या म्हणेल, "आंबट नको गं बाई, टाके पिकतात." या समजाइतका उलटा समज शोधूनही सापडणार नाही. बॉस्टनचे तरुण शल्यचिकित्सक जॉन क्रँडन यांनी १९३९ साली स्वतःलाच प्रयोगाला बसवले: कित्येक महिने फळे आणि भाज्या अजिबात वर्ज्य. तीन महिन्यांनी पाठीवर मुद्दाम करून घेतलेली जखम नीट भरून आली. सहा महिन्यांनंतर केलेली दुसरी जखम मात्र वरून मिटली तरी आत तशीच उघडी राहिली, आणि क जीवनसत्त्व टोचून घेतल्यावरच भरली. त्वचा सांधणारे कोलॅजन या जीवनसत्त्वावाचून बळकट होतच नाही. हाटात पेरू आणि आवळे ढिगांनी असतात आणि टाके पिकतील या भीतीने त्यांच्याकडे पाठ फिरवली जाते!

आणि आपली परंपरा म्हणून हे समज सांगावेत तर खुद्द परंपराही सर्वस्वी त्यांच्या बाजूला उभी राहत नाही. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानात जखमी माणसाच्या आहाराचे जे विवेचन आहे, त्यात जुन्या तांदळाचा, स्निग्ध, ऊन आणि माफक भात आहे, मुगाचे कढण आहे, जांगल पशूंचे मांस आहे. भाज्यांत तांदुळजा आहे, इकडे बथुआ म्हणून विकला जाणारा चाकवत आहे, परवल आणि कारले आहे, एवढेच काय, आपल्या घरांनी वातूळ ठरवून हद्दपार केलेले वांगेही आहे. शिवाय डाळिंब आणि आवळा. शस्त्रकर्मापूर्वी रोग्याला इष्ट भोजन द्यावे, मात्र उदर, मूळव्याध, अश्मरी, भगंदर, मुखरोग अशांत उपाशीपोटीच कर्म करावे, असा विवेकही त्याच ग्रंथात केलेला आहे.

आजच्या भुलीच्या काळात प्रत्येकाचे पोट रिकामे लागतेच, कारण बेशुद्धीत जठरातील ऐवज श्वासमार्गात उतरला तर फुप्फुसांची हानी होते. न्यूयॉर्कचे प्रसूतितज्ज्ञ कर्टिस मेंडेलसन यांनी १९४६ साली हा धोका स्पष्टपणे मांडला. पुढे मात्र ‘रात्री बारानंतर पाण्याचा थेंबही नाही’ हे फर्मान सरसकट सुटले आणि दुपारी एकच्या शस्त्रक्रियेचा रोगीही आदल्या रात्रीपासून कोरडा पडू लागला. हल्लीचा सर्वमान्य दंडक सौम्य आहे: तळलेले, तुपकट किंवा मांसाचे जेवण आठ तास आधी, हलके खाणे सहा तास आधी आणि आरपार दिसणारे द्रव, म्हणजे पाणी किंवा बिनदुधाचा चहा, दोन तास आधीपर्यंत. दूध पोटात दही होऊन बसते, म्हणून दुधाचा चहा हा खाण्यात धरावा. पहाटेच्या अर्ध्या कप चहापायी शस्त्रक्रिया पुढे ढकलल्याची उदाहरणे रुग्णालयांत थोडी नाहीत. जुना मधुमेह, आतड्याचा अडथळा, गर्भारपण किंवा वजन उतरवण्याची नवी टोचणी चालू असल्यास हा हिशेब बदलतो, आणि तेथे भूलतज्ज्ञाचा शब्द अखेरचा.

शस्त्रक्रियेनंतरचा मुद्दा आणखी नाजूक. पोटातून वारा सरेपर्यंत तोंडाने काही द्यायचे नाही, असा पूर्वी रिवाज होता. वास्तविक लहान आतडे काही तासांतच पुन्हा चालू लागते. आळस करते ते मोठे आतडे. कोपनहेगनचे हेन्रिक केलेट यांनी १९९० च्या दशकात मोठ्या आतड्याच्या रोग्यांना लवकर खाऊ घालून, लवकर चालवून, लवकर घरी पाठवून दाखवले, तेव्हापासून हा रिवाज जगभर ढिला पडत चालला आहे. मात्र पुष्कळ दिवस उपाशी राहिलेल्या, अगदी अस्थिपंजर झालेल्या रोग्याला एकदम भरपेट घालणे घातक. त्याच्या रक्तातील फॉस्फरस झपाट्याने खाली येऊन हृदय दगा देऊ शकते. त्याचा आहार वैद्याच्या देखरेखीखाली पायरीपायरीने वाढवावा. मूत्रपिंडाच्या विकाराच्या रोग्याची प्रथिनेही वैद्यानेच ठरवावीत.

बाकीच्यांसाठी मराठी स्वयंपाकघरात काहीच कमी नाही. मऊ भात, त्यावर घट्ट वरण, मेतकूट, दही. चालत असेल त्याला अंडे, नसेल त्याला पनीर किंवा सोयाबीन, ज्याची या प्रांतात मुळीच वाण नाही. एका अंड्यात सहा ग्रॅम प्रथिने, शंभर ग्रॅम मूगडाळीत चोवीस. भूक मंद असते, म्हणून थोडे थोडे, दिवसातून पाच-सहा वेळा.

मला खरे आश्चर्य वाटते ते आपल्या दुटप्पी न्यायाचे. हेच घर बाळंतिणीसाठी अळिवाचे आणि डिंकाचे लाडू वळते, तिला पोसले पाहिजे हे त्याला उपजत ठाऊक असते. आणि त्याच घरातील आजोबांचे आतड्याचे ऑपरेशन झाले की त्यांना आरारुटाच्या लापशीवर ठेवले जाते. सिझेरियन झालेल्या सुनेची तर मौजच: बाळंतीण म्हणून एका हाताने लाडू मिळतो आणि टाके आहेत म्हणून दुसऱ्या हाताने भात काढून घेतला जातो.

तेव्हा घरात शस्त्रक्रियेची तारीख ठरली, की मोसंबी आणायला धावण्याआधी रोग्याचे आजचे आणि सहा महिन्यांपूर्वीचे वजन एका कागदावर लिहावे, त्याखाली दोन प्रश्न लिहावेत, ‘शेवटचे जेवण किती वाजता आणि शेवटचे पाणी किती वाजता?’ आणि तो कागद भूलतज्ज्ञाच्या हाती देऊन उत्तर त्याच्याकडूनच लिहून घ्यावे.