भूक मंदावली, पोटॅशियमचं काय?

मार्च २०२५मध्ये मौंजारो आणि जूनमध्ये वेगोवी भारतात विक्रीला आलं. वजन उतरवायला आठवड्यातून एकदा घ्यायची ही इंजेक्शनं भूक कमी करतात आणि जठरातलं अन्न पुढं सरकण्याचा वेगही मंदावतात. त्यांच्या पाठोपाठ मोबाइलवरून एक सल्ला येतो: अशक्तपणा वाटतोय, पायात गोळे येतायत, तर पोटॅशियमच्या गोळ्या सुरू करा. बुलढाणा जिल्ह्यात मोताळा तालुक्यातल्या रोहिणखेडला औषधाआधी हा सल्लाच पोहोचायचा, म्हणून त्याबद्दल सविस्तर सांगायला हवं.

ही इंजेक्शनं थेट पोटॅशियम काढून घेत नाहीत. ते घटतं ते खाणं तुटल्यामुळं, उलट्या-जुलाबांमुळं. जुलाबात ते सरळ बाहेर जातं. उलटीतून मात्र थोडंच जातं. आम्ल गेल्यामुळं बिघडलेला तोल सावरताना मूत्रपिंडच ते लघवीवाटे टाकून देतं. म्हणून दोन-तीन दिवस उलट्या चालल्या तर दुर्लक्ष करू नये. अशा वेळी ओआरएसचं पाकीट लिटरभर पाण्यात कालवून घोट घोट घ्यावं. त्यात दीड ग्रॅम पोटॅशियम क्लोराइड असतं.

रोजची गरज सुमारे साडेतीन ग्रॅम. एका केळ्यात जेमतेम चारशे मिलिग्रॅम, त्यामुळं खानदेशातून येणाऱ्या केळ्यांवर सगळी भिस्त ठेवून चालत नाही. खरा आधार तुरीच्या वरणाचा, पालकाचा, बटाट्याचा, ताकाचा. दोनच घास जाणार असतील तर ते वरणाचे जावेत, पापड-लोणच्याचे नव्हे. भाजी उकडलेलं पाणी फेकू नये; बरंचसं पोटॅशियम त्यातच उतरलेलं असतं.

गोळीचं प्रकरण वेगळं. पोटॅशियम क्लोराइडची गोळी एका जागी रेंगाळली तर तिथलं अस्तर भाजतं, जखम होते. आणि ही इंजेक्शनं जठराला मंदच करतात! पूरक द्यायचंच ठरलं तर डॉक्टरांनी लिहून दिलेलं पातळ औषध, भरपूर पाण्यात मिसळून, जेवणानंतर घेणं बरं. त्यातही टेल्मिसार्टन, लोसार्टन, रॅमिप्रिल या रक्तदाबाच्या गोळ्या आणि स्पायरोनोलॅक्टोन पोटॅशियम वाढवतात, तर लघवी वाढवणारी क्लोरथॅलिडोन ते घटवते. मधुमेहानं मूत्रपिंड थकलं असेल तर पोटॅशियम साठत जातं. अशा माणसानं कमी सोडियमचं मीठही डॉक्टरांना विचारल्याशिवाय वापरू नये, कारण त्यात पोटॅशियमच घातलेलं असतं. पोटॅशियम घटणंही तितकंच धोक्याचं. अमेरिकेत १९६०च्या दशकात वजन उतरवायला रंगीबेरंगी गोळ्या देत. भूक मारणारं अँफेटामाइन, लघवी वाढवणारं औषध आणि हृदयावर काम करणारं डिजिटॅलिस, सगळं एकत्र. पोटॅशियम घटलेल्या शरीरात डिजिटॅलिस विषासारखं वागलं, माणसं दगावली.

तेव्हा आधी रक्ततपासणी. साधारण ३.५ ते ५ ही पातळी ठीक. इथं गावाकडची एक अडचण आहे. शरीरातलं जवळजवळ ९८ टक्के पोटॅशियम पेशींच्या आत असतं. गावात रक्त काढून नळी दुपारभर तशीच ठेवली, मग दुचाकीवर आदळत शहरातल्या लॅबला नेली, तर तांबड्या पेशी फुटतात, आतलं पोटॅशियम बाहेर पडतं आणि आकडा खोटाच वाढतो. खरी कमतरता झाकली जाते. रक्त देताना मूठ पुन्हा पुन्हा आवळल्यानंही आकडा असाच खोटा वाढतो. शक्यतो लॅबमध्येच जाऊन रक्त द्यावं. पण धडधड होत असेल, चक्कर येत असेल, पाय उचलत नसतील तर रिपोर्टची वाट बघू नये. थेट बुलढाण्याचं जिल्हा रुग्णालय गाठून ईसीजी काढून घ्यावा आणि कुठलं इंजेक्शन चालू आहे ते आधी सांगावं.