गुण देणाऱ्या पुडीत काय असतं?

‘संधिवात मुळासकट जाईल, शंभर टक्के आयुर्वेदिक’ ही जाहिरात आता येलदरीसारख्या गावातल्या मोबाईलवरही थेट येऊन पोहोचते. गुडघे धरलेली आजी पुडी घेते आणि तिसऱ्या दिवशी खरंच उठून चालू लागते. नेमकं इथंच सावध व्हायला हवं.

अशा बेनामी पुड्यांच्या तपासणीत अनेकदा डेक्सामेथासोनसारखं स्टेरॉइड सापडलं आहे. ते सूज झपाट्यानं दाबतं, भूकही वाढवतं. रोग मात्र जागच्या जागी असतो. पुढे चेहरा गोल दिसू लागतो, रक्तातली साखर चढते, हाडं ठिसूळ होतात. त्याहून मोठा धोका आतला आहे: बाहेरून स्टेरॉइड मिळत राहिलं की मूत्रपिंडांवरच्या ग्रंथी स्वतःचं कॉर्टिसोल बनवणं कमी करतात. मग पुडी एकदम थांबवली तर रक्तदाब कोसळून जिवावर बेतू शकतं. म्हणून पुडी डॉक्टरांपासून लपवू नका. डोस कसा उतरवायचा ते तेच ठरवतील. आणि आजीला बोल लावू नका. दुखणं सोसवत नव्हतं म्हणूनच तिनं ती घेतली.

1954 च्या औषधे व चमत्कारी उपाय कायद्यानं मधुमेह, कर्करोग, संधिवात, लठ्ठपणा अशा आजारांवर औषधाची जाहिरात लोकांसमोर करायलाच मनाई केली आहे. तरीही ती दिसली, किंवा पाकिटावर परवाना आणि बॅच क्रमांक नसला, तर अन्न व औषध प्रशासनाकडे तक्रार करता येते. हीच सावधगिरी मनाच्या दुखण्यातही हवी: झोप उडाली, मन उदास राहतंय, तर जाहिरातीतल्या ‘मेंदूच्या टॉनिक’ऐवजी टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य सेवेच्या 14416 या मोफत क्रमांकावर मराठीत बोला.