तीन उत्तरे एकदम!

प्रवासी बॅगेला तीन चकत्यांचे कुलूप असते ना? प्रत्येक चकतीवर 0 ते 9 आकडे. जुळणी विसरलात तर 1000 जुळण्या तपासण्याची पाळी येईल. आता समजा, प्रत्येक चकती योग्य जागी येताच ‘टक्’ असा आवाज करू लागली. मग 10 + 10 + 10, म्हणजे फार तर 30 प्रयत्न. चोराची चंगळच!

वाचून आणि तर्क करून रहस्य उलगडायच्या संगणक-खेळांपुढे हीच अडचण असते. खेळाडू अंदाजाने उत्तरे ठोकत गेला तर काय करायचे? लुकास पोप यांच्या ‘रिटर्न ऑफ द ओब्रा डिन’ (2018) या खेळाचा तोडगा पाहण्यासारखा आहे.

1802 साली लंडनहून पूर्वेकडे निघालेले जहाज 1807 मध्ये परतते, पण त्यावर जिवंत कोणीच नाही. आपण ईस्ट इंडिया कंपनीचे विमा-निरीक्षक. हाती 60 जणांची नामावली (तीत हिंदी खलाशीही आहेत), काही चित्रे आणि मृत्यूचा क्षण दाखवणारे एक घड्याळ. या घड्याळाचे भौतिकशास्त्र मला विचारू नका! प्रत्येकाचे नाव काय, त्याचे काय झाले, कोणाच्या हातून झाले, हे आपण ठरवायचे. पुरावे साधेच असतात. खलाशाच्या झोळीवरचा क्रमांक नामावलीतील क्रमांकाशी जुळतो. कोणाची बोली त्याचा देश सांगते.

मात्र एकच उत्तर बरोबर आले तर खेळ गप्प राहतो. सहसा तिघांची उत्तरे बरोबर झाली, की तिन्ही एकदम पक्की होतात. समजा, तिघांसाठी प्रत्येकी 4 शक्यता उरल्या आहेत. उत्तर सुटे तपासता आले असते तर 4 + 4 + 4, म्हणजे 12 प्रयत्न पुरले असते. एकत्र तपासताना 4 × 4 × 4, म्हणजे 64 होतात. बेरजेचा गुणाकार झाला! पण दोघांविषयी पुराव्याने खात्री असेल, तर तिसऱ्यासाठी 4 च प्रयत्न उरतात. म्हणजे थोडा अंदाज चालतो, पण आधी तर्क करणाऱ्यालाच.

लंबकाच्या प्रयोगात उत्तर 980 येईपर्यंत वाचने ‘दुरुस्त’ करणारे विद्यार्थी मी अनेक वर्षे पाहत आलो आहे. हल्ली मी तीन झाकलेले लंबक देतो. आवर्तकाल मोजून तिन्हींची लांबी काढायची; तिन्ही उत्तरे जमल्याखेरीज मी ‘बरोबर’ म्हणत नाही. मुले कुरकुरतात. वहीतली खाडाखोड मात्र कमी झाली आहे.