अनुदान आहे, पण कर्ज कोण देणार?

सोलापूरलगत कुंभारीच्या माळावर असंघटित कामगारांसाठी ३०,००० घरांचं रे नगर वसवलं जात आहे. विडी वळणाऱ्या बाया, यंत्रमाग कामगार, शिंपी, कचरावेचक अशांच्या हक्काच्या घरासाठी माजी आमदार नरसय्या आडम यांनी हा प्रकल्प लावून धरला. जानेवारी २०१९मध्ये त्याची पायाभरणी झाली आणि १९ जानेवारी २०२४ला पहिल्या १५,००० घरांचं लोकार्पण झालं. दोन्ही वेळा पंतप्रधान आले होते.

अशा घरामागे पंतप्रधान आवास योजनेतून केंद्र दीड लाख रुपये देतं आणि राज्य एक लाख. बाकीचे पैसे लाभार्थ्याने उभे करायचे. खरी अडचण इथेच सुरू होते. विडी कामगार बाईची मजुरी हजार विड्यांच्या हिशेबाने ठरते. पानं-तंबाखू कमी मिळाली की त्या आठवड्याची कमाईही घटते. बँक मात्र पगारपत्रक आणि आयकर विवरणपत्र मागते. हप्ता फेडायची धमक असली, तरी ती कागदावर दाखवायची कशी?

योजनेची दुसरी वाट व्याज-सवलतीची. २०१५च्या योजनेत सहा लाखांपर्यंत वार्षिक उत्पन्न असलेल्यांना सहा लाखांच्या कर्जावर साडेसहा टक्के सवलत होती. २० वर्षांच्या सवलतीचं आजचं मूल्य काढून जास्तीत जास्त २.६७ लाख रुपये थेट कर्जखात्यात जमा होत. नऊ टक्के व्याजदर धरला, तर सुमारे ५,४०० रुपयांचा हप्ता ३,००० रुपयांवर येई. कुटुंबाच्या नावावर देशात कुठेही पक्कं घर नको आणि घरावर कर्त्या स्त्रीचं नाव हवं, या अटी होत्या. दुसऱ्या अटीमुळे अनेक बायकांचं नाव प्रथमच मालमत्तेच्या कागदावर लागलं. अल्प उत्पन्न गटासाठीची ही सवलत मार्च २०२२मध्ये संपली.

सप्टेंबर २०२४पासूनच्या दुसऱ्या टप्प्यात उत्पन्नमर्यादा नऊ लाख झाली. मदत मात्र आटली आणि लांबली. आता पहिल्या आठ लाखांच्या कर्जावर चार टक्के सवलत आहे. जास्तीत जास्त १.८० लाख रुपये मिळतात, तेही पाच वार्षिक हप्त्यांत. घराची किंमत ३५ लाखांच्या आत हवी. सोलापुरात हे जमेल. मुंबईत या किमतीचं घर शोधता शोधता चपला झिजतात. तिथे भिस्त म्हाडाच्या सोडतीवर, आणि २०२४च्या मुंबई सोडतीत २,०३० घरांसाठी लाखावर अर्ज आले होते.

व्याज-सवलत दोन्ही टप्प्यांत आधी कर्ज मिळालेल्यालाच मिळते. म्हणजे बँकेने दारातूनच परत पाठवलेल्याला तिचा काडीचाही उपयोग नाही. नव्या टप्प्यातली सर्वांत मोलाची तरतूद म्हणूनच वेगळी आहे. गरिबांच्या गृहकर्जाला हमी देणाऱ्या निधीचं भांडवल १,००० कोटींवरून ३,००० कोटी करण्याचं सरकारने ठरवलं आहे. कर्ज बुडालं, तर बँकेच्या नुकसानीचा काही भाग हा निधी सोसतो.

तेव्हा योजनेचं यश मोजताना मंजूर घरांचे आकडे पुरेसे नाहीत. पगारपत्रक नसलेल्या किती जणांना या हमीवर कर्ज मिळालं, हा आकडा सरकारने आणि बँकांनी दरवर्षी, जिल्हावार जाहीर केला पाहिजे.