लहान घरातील हवाबंद डब्यांची सोय

घरात एखादी वस्तू असणे आणि ती वेळेवर हाती लागणे, या दोन निराळ्या गोष्टी आहेत. जुन्या प्रशस्त वाड्यात कोठीची स्वतंत्र खोली असे, म्हणून तेथे हा भेद फारसा जाणवत नसे. परंतु जेथे स्वयंपाक, बैठक आणि निजणे यांचा निवाडा पुष्कळदा एकाच खोलीत करावा लागतो, तेथे त्याची किंमत रोज मोजावी लागते. मुंबईत १९२० नंतरच्या दशकात सरकारच्या विकास खात्याने वरळी, नायगाव, डिलाइल रोड व शिवडी येथे ज्या चाळी उभारल्या, त्यांत एका बिऱ्हाडाच्या वाट्यास आलेली खोली १६० चौरस फुटांची होती. पुढे इमारती उंच झाल्या, उद्वाहने आली. पण सामान्य कुटुंबाचे स्वयंपाकघर त्या मानाने वाढले नाही. अशा घरात ‘जागा नाही’ ही तक्रार खरी असते. तथापि ती अपुरी असते. पुष्कळदा जागा असते, पण ती चुकीच्या बाजूस, म्हणजे रुंदीऐवजी खोलीत, दडलेली असते. हवाबंद डब्यांच्या उदाहरणावरून हे चांगले समजते.

हापूसचा हंगाम एप्रिल-मे महिन्यांचा. तो सरला तरी रस मिळावा म्हणून कोकणातील कारखान्यांत भरलेले आमरसाचे डबे शहरांतील घरांत घेऊन ठेवतात. पाहुणे आले, सणवार आला, की एक डबा फुटतो. समजा, असे सहा डबे आणले. ते कपाटात शिरतात. त्यांच्यापुढे साखर येते, पोह्यांची पिशवी येते, अननसाचे व आटीव दुधाचे डबे येतात. चार डबे संपतात. उरलेले दोन मागच्या अंधारात राहतात आणि पुढल्या हंगामात नव्या डब्यांना जागा करताना सापडतात, तेव्हा त्यांवरील मुदत टळून गेलेली असते. दोष गृहिणीच्या स्मरणशक्तीचा नाही. दोष कपाटाच्या खोलीचा आहे.

डब्यात अन्न टिकते कसे, हे कळले म्हणजे त्याची ठेवण कशी असावी हेही कळते. फ्रान्समधील निकोला आपेर याने अन्न काचेच्या बाटलीत घालून, तोंड घट्ट बंद करून ती उकळत्या पाण्यात ठेवण्याची रीत शोधिली आणि १८१० मध्ये ती ग्रंथरूपाने प्रसिद्ध केली. त्याबद्दल फ्रेंच सरकारने त्यास १२,००० फ्रँकचे पारितोषिक दिले. त्याच वर्षी इंग्लंडात पीटर ड्युरांड याने पत्र्याच्या भांड्यांसह अशा पद्धतीचे पेटंट घेतले. उष्णतेने आतील जंतू मरतात आणि बंद सांध्यामुळे नवे शिरत नाहीत, ही उपपत्ती पुढे पाश्चरच्या संशोधनाने स्पष्ट झाली. म्हणजे डब्याचे सारे सामर्थ्य त्याच्या अभंग पत्र्यात व सांध्यात आहे. गंज, उष्णता आणि आपटणे हे त्याचे तीन शत्रू होत. मांडणी करताना जागेइतकाच यांचाही विचार करावयास हवा.

आपल्याकडील जुनी स्वयंपाकघरे साठवणुकीत मागासलेली मुळीच नव्हती. उतरंडीत मडक्यावर मडके चढवून हातभर जमिनीवर पुष्कळ जिन्नस मावत. पण तळाच्या मडक्यातील जिन्नस हवा तर वरची सारी उतरंड उतरवावी लागे. म्हणून तळाशी नेहमी क्वचित लागणारे धान्य ठेवीत. भिंतीतल्या फडताळाची रीत याच्या उलट होती. ते उथळ असे, आणि दार उघडताच त्यातील बरेच काही एका दृष्टिक्षेपात दिसे. आजची खोल कपाटे म्हणजे आडवी केलेली उतरंडच होय. मागचा डबा काढावयाचा तर पुढचे सारे हलवावे लागते. डब्यांसाठी फडताळाचा मार्ग स्वीकारणे श्रेयस्कर.

यातून एकच नियम निघतो: फळीची खोली एका डब्याच्या व्यासाहून फारशी अधिक नसावी. आमरसाचा ८५० ग्रॅमचा डबा साधारण ४ इंच व्यासाचा व पावणेपाच इंच उंचीचा असतो. त्यावरून बेत असा करावा. आतील रुंदी १३ इंच ठेवली म्हणजे एका फळीवर तीन डबे सुटसुटीत बसतात. डब्याची उंची पावणेपाच इंच, बोटे घालण्यास सव्वा इंच आणि फळीची जाडी पाऊण इंच, मिळून एका खणास पावणेसात इंच लागतात. असे दहा खण, खाली पावणेचार इंचांची बैठक व वर पाऊण इंचाची छतफळी धरली, की उंची बरोबर ६ फूट होते. फळी सव्वाचार इंच खोल, मागे पाव इंचाचा प्लायवूड आणि पुढे डबा घसरू नये म्हणून अर्ध्या इंच जाडीची, इंचभर उंच पट्टी, अशी एकूण खोली ५ इंच. दोन्ही बाजूंच्या पाऊण इंचाच्या उभ्या फळ्या धरून बाहेरची रुंदी साडेचौदा इंच. या मांडणीने जमीन अडते ती केवळ अर्धा चौरस फूट, आणि तीत तीस डबे राहतात. त्यांपैकी एकही दुसऱ्याच्या आड नसतो. लहान डबे अधिक असल्यास वरचे काही खण कमी उंचीचे करावेत. सुतारास बोलावण्यापूर्वी आपल्या घरी खरोखर येणारे डबे मोजपट्टीने मोजावेत, हे सांगणे नलगे.

अशी मांडणी उघड्या दाराच्या मागील भिंतीशी किंवा कपाट व भिंत यांमधील फटीत सहज मावते. दार मात्र तिच्यावर आपटू नये म्हणून जमिनीत अडणी बसवावी. मांडणी दारावरच ठोकण्याचा मोह टाळावा. भरलेला मोठा डबा सुमारे एक किलोचा. तीस डब्यांचे ओझे बिजागऱ्यांस पेलणार नाही, आणि दार आपटताच डबे खाली येतील. सारा भार जमिनीवर असू द्यावा. तरीही सहा फूट उंच व पाच इंच खोल वस्तू सहज कलंडते. यास्तव ती वरच्या बाजूस दोन ठिकाणी स्क्रूने भिंतीस पक्की जखडणे अनिवार्य आहे. जड डबे खाली व हलके वर ठेवावेत. लेकुरवाळ्या घरात तर यात हयगय होता कामा नये.

जागा निवडताना ओल पाहावी. कोकणपट्टीतील पावसाळ्यात पाझरत्या भिंतीशी टेकलेल्या डब्यांस गंज चढावयास वेळ लागत नाही. म्हणून मांडणी व भिंत यांमध्ये लाकडी रीप घालून थोडी हवा खेळती ठेवावी. शेगडीच्या वर, शीतकपाटाच्या मागील गरम हवेत किंवा उन्हाच्या खिडकीत डबे ठेवू नयेत. ३० अंश सेल्सिअसपेक्षा अधिक उष्णतेत अन्नाचा कस व चव लवकर उतरते.

ज्यांच्या घरी ओट्याखालचे खोल कपाट आधीच आहे, त्यांनी ते मोडण्याचे कारण नाही. तेथे डब्याच्या गोल आकाराचा उपयोग करून घेता येतो. १८ इंच खोल कपाटात दोन उतरत्या फळ्या बसवावयाच्या. वरचीचा उतार मागे, खालचीचा पुढे. दर फुटास एक इंच उतार पुरे. वरची फळी मागील भिंतीपासून पावणेपाच इंच अलीकडे थांबवावी. आडवा ठेवलेला डबा वरून घरंगळत मागे जातो, त्या फटीतून खालच्या फळीवर उतरतो आणि पुढे येऊन पट्टीशी थांबतो. गाळ्याची रुंदी डब्याच्या उंचीहून पाव इंच अधिक ठेवावी, म्हणजे डबा तिरपा होऊन अडकत नाही. वर तीन व खाली चार, असे सात डबे एका गाळ्यात राहतात. नवा डबा वरून घालावा, जुना खालून घ्यावा. क्रम आपोआप पाळला जातो. एका गाळ्यात एकाच आकाराचे डबे असावेत, एवढीच अट.

उथळ मांडणीत हा क्रम हाताने पाळावा लागतो. एका खणात एकच जिन्नस ठेवून नवा डबा उजवीकडून ठेवावा व जुना डावीकडून उचलावा. छापलेली मुदत बारीक अक्षरांत असते; तीच झाकणावर ठळक लिहून ठेवल्यास घरातील कोणालाही दिसते. थंड, कोरड्या जागी टोमॅटो, अननस यांसारखे आंबट पदार्थ साधारणतः वर्ष-दीड वर्ष उत्तम राहतात. मटार, मका यांसारखे आंबट नसलेले दोन ते पाच वर्षे. तरी छापील मुदत हीच प्रमाण मानावी.

सर्व डबे डोळ्यांसमोर असण्याचा सर्वांत मोठा लाभ पैशाचा नसून प्रकृतीचा आहे. फुगलेला, गळणारा, सांध्यावर चेपलेला किंवा पुसून न जाणाऱ्या गंजाचा डबा चटकन लक्षात येतो. असा डबा चाखूनही पाहू नये. त्यात बॉटुलिझमचे प्राणघातक विष असू शकते आणि ते वासाने वा चवीने कळेलच असे नाही. चांगला डबाही उघडल्यावर उरलेला जिन्नस काचेच्या वा स्टीलच्या झाकणबंद भांड्यात काढून शीतकपाटात ठेवावा.

चार फळ्या, थोडे स्क्रू आणि सुताराचे एक-दोन दिवस, एवढ्यावर ही सोय होते. पुढे बाजारास निघण्यापूर्वी गृहिणीने मांडणीकडे एकवार पाहिले की काय आहे आणि काय आणावयाचे, याची यादी तेथल्या तेथे तयार होते. त्याच नजरेत मुदत जवळ आलेला डबाही दिसतो, आणि तो त्याच आठवड्यात ताटात येतो.